अर्ध्या क्राऊनची खिडकी

1963 च्या सप्टेंबरमध्ये वेल्समधल्या कार्डिफ शहरातून निघणाऱ्या ‘वेस्टर्न मेल’ या दैनिकाने आपल्या वाचकांना वर्गणीचे आवाहन केले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या एका चर्चसाठी रंगीत काचेची नवी खिडकी करून पाठवायची होती. अशी आवाहने वर्तमानपत्रे नेहमीच करतात. पण या आवाहनाला एक अट होती आणि ती नेहमीच्या अटींच्या नेमकी उलटी होती. कोणीही अर्ध्या क्राऊनपेक्षा जास्त द्यायचे नाही. अर्धा क्राऊन म्हणजे अडीच शिलिंग, पौंडाचा आठवा हिस्सा. शाळकरी पोरालाही खाऊच्या पैशांतून साठवता येईल एवढी रक्कम. निधी गोळा करणारा माणूस साधारणपणे किमान रक्कम ठरवतो, इथे कमाल रक्कम ठरवली गेली. एखाद्या धनिकाने उदारपणाच्या भरात सगळी खिडकीच आपल्या नावावर करू नये, हा त्यामागचा हेतू होता. या अटीकडे आपण एक हृद्य तपशील म्हणून पाहतो आणि पुढे जातो. माझे म्हणणे असे की ती अट हाच त्या कलाकृतीचा पाया आहे. सार्वजनिक कलाकृती सार्वजनिक ठरते ती चौकात उभी राहिल्याने किंवा तिच्यावर लोकांचे नाव कोरल्याने नव्हे. तिच्यासाठी पैसा कोणत्या नियमाने जमला, यावर ते ठरते. काचेच्या चित्रांचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर हे फार स्पष्टपणे दिसते.

आधी प्रसंग समजून घेऊ. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरातले सोळाव्या रस्त्यावरचे बाप्टिस्ट चर्च ही तिथल्या कृष्णवर्णीय समाजाने उभारलेली वास्तू. वॉलेस रेफील्ड या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि 1911 मध्ये ती पूर्ण झाली. 1963 च्या मे महिन्यात नागरी हक्कांसाठी शाळकरी मुलांचे मोर्चे याच चर्चमधून निघाले. समोरच्या उद्यानात पोलिसांनी त्यांच्यावर कुत्री सोडली आणि बंबाच्या पाण्याचे फवारे मारले. त्यानंतर 15 सप्टेंबरच्या रविवारी सकाळी चर्चच्या पायऱ्यांखाली ठेवलेल्या डायनामाइटचा स्फोट झाला. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि डेनिस मॅकनेअर या चार मुली मारल्या गेल्या. पहिल्या तिघी चौदा वर्षांच्या होत्या, डेनिस अकरा वर्षांची. चर्चच्या रंगीत खिडक्यांपैकी एक तेवढी चौकटीत टिकली. तिच्यात लहान मुलांना घेऊन चाललेला ख्रिस्त होता, आणि स्फोटाने नेमका त्याचा चेहरा उडवून नेला होता. ती बातमी जगभर गेली. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या लान्स्टेफान गावात जॉन पेट्स या कलावंताच्या कानावरही ती पडली. पेट्स जन्माने लंडनचा, वृत्तीने युद्धविरोधी. दुसऱ्या महायुद्धात त्याने शस्त्र हाती घ्यायला नकार दिला होता. काष्ठकोरीव मुद्राचित्रे ही त्याची पहिली कला, काचेचे काम त्याने पुढे आत्मसात केले. आपल्याला काच घडवता येते, तर फुटलेल्या खिडकीच्या जागी एक खिडकी द्यावी, असे त्याला वाटले. त्याने ‘वेस्टर्न मेल’चे संपादक डेव्हिड कोल यांना फोन केला. कमाल रकमेची अट घातली ती कोल यांनी.

उद्दिष्ट पाचशे पौंडांचे होते, जमले नऊशे. या आकड्याचे गणित मांडून पाहावे. नऊशे पौंड म्हणजे सात हजार दोनशे अर्धे क्राऊन. अट पाळली गेली असेल, तर देणारे किमान सात हजार दोनशे होते. आणि पुष्कळ मुलांनी पेनी-पेनीच दिल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिकच. एकाच श्रीमंत माणसाने नऊशे पौंड दिले असते तर खिडकी तीच, तेवढ्याच काचेची झाली असती. पण तिच्यामागे एक माणूस उभा राहिला असता. अटीमुळे सात हजारांहून जास्त उभे राहिले. निधीच्या नियमानेच माणसे मोजून घेतली. मराठीला हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे, कारण आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. देणगी ही ज्याच्याकडे आहे त्याने, त्याच्या इच्छेने दिलेली. वर्गणी ही एका कामाचा भार सगळ्यांनी वाटून घेतलेली. देणगीदार असतो, त्याचा फलक लागतो. वर्गणीदार पुष्कळ असतात, आणि ते काम त्या सगळ्यांचे म्हणून ओळखले जाते. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरकडे पाहावे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून 1878 मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत आणि तिच्या ग्रंथालयात अतिशय देखणी रंगीत काच आहे, आणि मनोऱ्याला प्रेमचंदांच्या आईचे नाव आहे. यात काही वावगे नाही. पुत्राने आईचे स्मारक केले आणि शहराला एक ठेवा मिळाला. पण ती देणगी आहे, आणि नाव ते सांगते. बर्मिंगहॅमची खिडकी वर्गणीची आहे. देणाऱ्यांविषयी तिच्या तळाशी एवढाच मजकूर आहे: ही खिडकी वेल्सच्या लोकांनी दिली. त्यात पेट्सच्या उदारतेचा उल्लेख नाही, संपादकाचा नाही, कोणा उमरावाचाही नाही.

काचचित्रांच्या इतिहासात लोकांच्या पैशाचा दाखला म्हणून फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलचे नाव हमखास घेतले जाते. 1194 च्या आगीनंतर हे कॅथेड्रल पुन्हा बांधले गेले आणि तेराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्याच्या खिडक्या भरल्या. कित्येक खिडक्यांच्या तळाशी भटारी, चांभार, गवंडी, सुतार, कातडी-फरचे व्यापारी आपापले काम करताना दाखवले आहेत. यावरून पिढ्यान्‌पिढ्या असे सांगितले गेले की गावातल्या कारागिरांच्या संघांनी आनंदाने पदरमोड करून या खिडक्या दिल्या. 1993 मध्ये जेन वेल्च विल्यम्स या अभ्यासिकेने हे चित्र उलटून पाहिले. त्या काळी शार्त्रमध्ये कारागिरांचे असे संघटित, स्वतंत्र संघ होते, याला पुरावा नाही. खिडक्यांवर सत्ता होती ती कॅथेड्रलच्या धर्माधिकाऱ्यांची, आणि कारागिरांची ती चित्रे म्हणजे समाजाने कसे वागावे याविषयी त्या धर्माधिकाऱ्यांच्या कल्पनेचा आरसा असू शकतो, असे त्यांनी मांडले. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मुद्द्यासाठी तो मिटण्याची गरजही नाही. खिडकीवर भटारी काढला म्हणून ती भटाऱ्यांची होत नाही, एवढे त्यातून उघड होते. लोकांचे चित्र आणि लोकांचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी. शार्त्रच्या काचेत माणसे दिसतात, पण त्यांच्या खिशातून पैसा कसा आला, स्वखुशीने की दबावाने, हे काच सांगत नाही. बर्मिंगहॅमच्या काचेत एकही वेल्श माणूस रंगवलेला नाही. तरी ती त्यांची आहे हे निःसंशय सांगता येते, कारण वर्गणीचा नियम आपल्याला माहीत आहे.

लोकनिधीचा आणखी एक गाजलेला दाखला याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सने दिला, पण त्याच्या चौथऱ्याचे पैसे अमेरिकेत जमेनात. 1885 मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून आवाहन केले. सुमारे पाच महिन्यांत एक लाखाहून अधिक डॉलर जमले, देणारे एक लाख वीस हजारांहून जास्त होते, आणि बहुतेकांनी एका डॉलरपेक्षा कमी दिले होते. पुलित्झर यांची युक्ती अशी की रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापायचे. ती युक्ती प्रभावी ठरली आणि तिच्यामुळे पत्राचा खपही वाढला. दोन्ही ठिकाणी वृत्तपत्र, दोन्ही ठिकाणी चिल्लर नाणी. पण रीत वेगळी. पुलित्झर यांनी प्रत्येकाला वेगळे नाव दिले, कोल यांनी प्रत्येकाला सारखाच वाटा दिला. नाव छापले की लहान देणारा क्षणभर मोठ्याच्या रांगेत बसतो, पण रांग राहतेच. कोणी किती दिले ते शेजारीच छापलेले असते. कमाल मर्यादा घातली की रांगच उरत नाही. खाणमालकाचा अर्धा क्राऊन आणि खाणकामगाराचा अर्धा क्राऊन यांत फरक करायला जागाच नसते.

ही कल्पना वेल्समध्ये रुजली, याला तिथल्या भूमीचीही साथ होती. अ‍ॅबरिस्टविथ इथले वेल्सचे पहिले विद्यापीठ-महाविद्यालय 1872 मध्ये एका अर्धवट राहिलेल्या हॉटेलच्या इमारतीत सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत त्याला सरकारी अनुदान नव्हते. गावोगावच्या चॅपेलमधून, खाणकामगारांनी आणि शेतकऱ्यांनी दिलेल्या नाण्यांवर ते जगले. तेव्हापासून ‘गरिबांच्या पेन्यांवर उभे राहिलेले महाविद्यालय’ ही त्या देशाची अभिमानाची गोष्ट झाली. दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांचे आणि कृष्णवर्णीय अमेरिकेचे नातेही जुने. गायक पॉल रोबसन यांचा पासपोर्ट अमेरिकी सरकारने काढून घेतला होता, तेव्हा 1957 मध्ये पोर्थकॉल इथल्या खाणकामगारांच्या महोत्सवात ते अटलांटिकपलीकडून टेलिफोनच्या तारेवरून गायले होते. आता ‘वेस्टर्न मेल’चा इतिहास याच्या शेजारी ठेवावा. 1869 मध्ये हे पत्र बुटच्या मार्क्विसच्या पैशातून निघाले, आणि बुट घराणे म्हणजे कार्डिफच्या गोद्यांचे आणि कोळशाच्या वैभवाचे धनी. खाणमालकांचे पत्र म्हणून कामगार वस्त्यांत त्याच्याविषयी जुना अविश्वास होता. अशा पत्राच्या संपादकाने धनिकांना बाजूला बसवून सगळ्यांकडून सारखीच लहान रक्कम मागितली, यात अटीचे मोल अधिक ठळक होते. मालकाच्या आणि मजुराच्या नाण्यांत फरक राहणार नाही याची हमी त्या पत्राला द्यावी लागणार होती, आणि अटीने ती दिली.

महाराष्ट्राने हा प्रयोग त्याआधी अर्धशतक करून पाहिला होता, तोही काचेसाठीच. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की देशातल्या प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभे राहावेत. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि पैसा फंडाच्या निधीतून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना सुरू झाला. त्या काळचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. एक रुपया जमायचा तर चौसष्ट माणसांपर्यंत पोचावे लागे, त्यांना स्वदेशी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागे. चार सावकारांना भेटून हजार रुपये आणणे केव्हाही सोपे होते. पण त्यात चौसष्ट हजार माणसांशी बोलणे झाले नसते. पैसा गोळा करणे हेच लोकशिक्षण झाले. कारखान्याच्या उभारणीत जपान-अमेरिकेत काचेचे शिक्षण घेतलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारख्या जाणकारांचा हात होता. काच हे जिद्दीइतकेच भट्टीच्या तापमानाचे शास्त्र आहे, हे तिथे शिकले गेले. तळेगावच्या भट्टीने माल काढला तसे कारागीरही घडवले. पुढे कऱ्हाडजवळ ओगल्यांनी काच कारखाना काढला आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला, तोवर काच आपल्या मातीत होते हा विश्वास महाराष्ट्रात रुजला होता. तळेगाव आणि कार्डिफ यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. दोन दूरच्या समाजांनी स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला यावे, हेच मला महत्त्वाचे वाटते: जिथे लोकांची मालकी हवी तिथे रक्कम लहान ठेवावी.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. मर्यादा घातल्याने निधी बुडतो. ज्यांच्याकडे खरोखर आहे त्यांना रोखून गरिबांच्या खिशात हात घालायचा, हे कसले शहाणपण? बर्मिंगहॅमच्या त्या कुटुंबांना आणि नागरी हक्कांच्या खटल्यांना पैशाची गरज होती. काचेची खिडकी म्हणजे केवळ प्रतीक. यातला पहिला भाग काही कामांना खरोखर लागू पडतो. रुग्णालय बांधायचे, दुष्काळात धान्य पुरवायचे, तर रक्कम जितकी मोठी तितके बरे. तिथे कमाल मर्यादा घालणे क्रौर्य ठरेल. पण मोठ्या निधीचा आपला एक धोका असतो, आणि तो वेल्सनेच पुढच्या काही वर्षांत अनुभवला. 21 ऑक्टोबर 1966 रोजी अ‍ॅबरफॅन गावावर कोळसाखाणीच्या कचऱ्याचा डोंगर कोसळला. 144 माणसे गेली, त्यात 116 मुले होती. जगभरातून आलेला निधी साडेसतरा लाख पौंडांवर गेला. तेवढ्या मोठ्या रकमेवर मग इतरांची नजर आणि हुकूमत बसली. गावावर टांगलेले उरलेले ढिगारे हलवण्याच्या खर्चापोटी सरकारने त्याच निधीतून दीड लाख पौंड घेतले. दुखवट्याच्या पैशातून, दुःख ज्यांनी ओढवले त्यांची जबाबदारी भागवली गेली. ते पैसे परत मिळायला 1997 उजाडावे लागले. मोठा निधी वाईट, असा याचा अर्थ नाही. निधी लोकांचा राहायचा तर तो कसा जमवायचा एवढेच नव्हे, त्यावर हुकूम कोणाचा हेही ठरवावे लागते, हा त्याचा धडा. खिडकीच्या वर्गणीत ते आधीच ठरले होते: एकच काम, ठरलेला कारागीर, आणि कोणाचाही वाटा दुसऱ्यापेक्षा मोठा नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. खिडकी असावी हे एका कलावंताने ठरवले, अट एका संपादकाने घातली. लोकांनी फक्त नाणी टाकली. मग ही लोकांची कलाकृती कशी? आणि दूर देशातल्या गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरात कोणते चित्र असावे हे का ठरवावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की कोणतीही कलाकृती सात हजार हातांनी आखली जात नाही. लोकांचा अधिकार होकारात आणि नकारात असतो. वर्गणी नाकारता येते. पाचशे पौंडांच्या जागी शंभरच जमले असते, तर तोही लोकांचाच निर्णय झाला असता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खुद्द खिडकीत आहे. चर्चला विचारले गेले, चर्चने स्वीकारले, आणि पेट्सने चर्चला शोभेचे सौम्य चित्र दिले नाही. निळ्या पार्श्वभूमीवर त्याने कृष्णवर्णीय ख्रिस्त उभा केला. हात पसरलेले, मान झुकलेली, माथ्यावर इंद्रधनुष्य. एक हात द्वेषाला आणि अन्यायाला मागे लोटणारा, दुसरा क्षमेसाठी उघडा. खाली मत्तयाच्या शुभवर्तमानातले मोजके शब्द आहेत. आशय असा की दुबळ्यातल्या दुबळ्याशी तुम्ही जे करता ते माझ्याशीच करता. 1965 मध्ये ही खिडकी बसली, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत असा ख्रिस्त चर्चच्या काचेत दाखवणे धाडसाचे होते. एखादा मोठा देणगीदार मागे असता, तर त्याने गोरा, नेहमीचा ख्रिस्त मागण्याची शक्यता बरीच होती. सात हजार जणांपैकी कोणाचाच आग्रह चालण्याजोगा नव्हता. म्हणून कलावंताला आपल्या विवेकाशी आणि ज्यांच्यासाठी काम होते त्यांच्याशीच बांधील राहता आले. समान वाट्याने कलेलाही मोकळीक दिली.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याच्यापुढे मान तुकवावी लागते. 1919 च्या जूनमध्ये कार्डिफमध्येच वांशिक दंगली झाल्या. गोद्यांलगतच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय खलाशांवर जमाव चालून गेले, माणसे मेली. अशा शहराने अलाबामाला खिडकी पाठवावी? ती पाठवून आपले हात स्वच्छ असल्याचा दाखला कोणी मिळवू पाहत असेल, तर आक्षेप खरा. पण अर्धा क्राऊन इतका लहान आहे की त्याने पापक्षालन विकत घेता येत नाही. तो फक्त ‘हे दुःख माझ्याही वाट्याचे’ एवढेच म्हणू शकतो. खिडकीने न्यायाची जागाही घेतली नाही. स्फोट घडवणाऱ्यांपैकी पहिला 1977 मध्ये दोषी ठरला, आणखी दोघे 2001 आणि 2002 मध्ये. राज्याच्या न्यायाला चौदा ते एकोणचाळीस वर्षे लागली. लोकांच्या वर्गणीला दोन वर्षे पुरली. दोन्ही आवश्यक होते, आणि एकाने दुसऱ्याची उणीव झाकू नये.

राहिली आपल्या गल्लीतली वर्गणी. तिच्याविषयी मराठी वाचकाच्या मनात एक कडवटपणाही असतो, कारण पावतीपुस्तक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मंडळींनी रक्कम आधीच लिहून आणलेली असते. इथे किमान रक्कम ठरते आणि कमाल मोकळी सोडली जाते. परिणामी गरिबावर जुलूम होतो आणि कमानीवर प्रायोजकाचे नाव चढते. कार्डिफची अट याच्या नेमकी उलटी होती: वर मर्यादा, खाली पूर्ण मोकळीक, पेनी दिली तरी चालेल, नाही दिली तरी कोणी विचारणार नाही. वर्गणी सक्तीची होते ती तिचा हा क्रम उलटला म्हणून. आज गावोगाव चौक सुशोभित होतात, भिंतींवर आणि काचांवर चित्रे चढतात, आणि ती कोणाच्या सौजन्याने हे चित्राहून मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. तिथे वाटसरू पाहुणा असतो. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये ऊन त्या निळ्या काचेतून आत येते तेव्हा ते सात हजारांहून अधिक माणसांच्या समान वाट्यातून येते, आणि त्यांतल्या एकाचेही नाव तिथे नाही. नाव नसल्यामुळेच तळाशी ‘वेल्सच्या लोकांनी’ हे शब्द खरेपणाने लिहिता आले.